निळूचा आठवा भाग आणि पाण्याची पाळी

आमच्या कुलरच्या गवतावर दर उन्हाळ्यात पांढरा क्षार साचतो. बोअरचं पाणीच तसं. मार्चमध्ये नवं घातलेलं गवत मेमध्ये हाताला खडूसारखं लागतं. घरातल्या किश्श्यांचंही असंच होत असावं. बारामतीत अकरा ते पाच बाहेर पडायची सोय नाही, घरात कुलर एक, त्याच्यासमोर माणसं पाच, आणि पाचांतलं एकही दुसऱ्याचं ऐकून घेणारं नाही. मग साचणारच!

हे सांगावं की नाही, याची मला खात्री नाही. मला बहुतेक गोष्टींची खात्री नसते. बाहेर पडताना गॅसचा नॉब मी तीनदा बघतो. चौथ्यांदा बघायला गेलो की सुमन माझ्याकडं बघते. सुमन म्हणजे माझी बायको.

माझी ओळख एवढीच. कृषी महाविद्यालयात चौतीस वर्षं मृदाशास्त्र शिकवलं. शेतातल्या सरीतून पाणी किती वेगानं पुढं सरकतं, यावर चारशे पानांचा प्रबंध लिहिला आणि डॉक्टरेट मिळवली. त्या प्रबंधाची एक प्रत घरात आहे. सध्या ती फ्रिजच्या एका पायाखाली आहे, कारण फ्रिज डुगडुगत होता. मी विचारलं तेव्हा मुलगा महेश म्हणाला, "नाना, बरोब्बर मापाचं दुसरं काही मिळालं नाही!"

*

या उन्हाळ्यात घरात एकच विषय होता. एका सुपरहिरोचा आठवा आणि शेवटचा भाग येणार होता. निळे घट्ट कपडे, पाठीवर झूल, उडतो, बस उचलतो, वगैरे. मूळ इंग्रजी, आमच्याकडं हिंदीत.

तुम्हाला वाटेल, याचं वेड आमच्या नातीला असणार. आर्याची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती, तेव्हा वाटणं साहजिक आहे. पण नाही! वेड माझ्या बायकोला. वय वर्षं सत्तर!

लॉकडाऊनमध्ये आर्या लहान होती. तिला सोबत म्हणून सुमन शेंगा फोडत टीव्हीसमोर बसली आणि पहिला भाग बघितला. त्या दिवशी शेंगा संपल्या, सिनेमा संपला, पण हिचं काही संपलं नाही. तेव्हापासून सातही भाग झाले. त्या माणसाचं इंग्रजी नाव हिच्या तोंडात बसेना, म्हणून हिनं त्याचं नाव ठेवलं निळू.

"आपला निळू बारीक झालाय गं या खेपेला," असं ती ट्रेलर बघून आर्याला म्हणाली. सख्खा भाचा पुण्याहून आला, त्याला हे म्हणाली नव्हती.

*

उकाड्याचं मी रीतसर बघतो. मोबाईलवर हवामानाची दोन ॲप आहेत. एक म्हणतं एकेचाळीस, दुसरं म्हणतं त्रेचाळीस. कोणावर विश्वास ठेवावा कळत नाही, म्हणून मी दोन्हींची सरासरी काढून फळ्यावर लिहितो.

एका दुपारी लाईट गेली. कुलर बंद. मी फळ्याकडं बोट दाखवून आर्याला म्हणालो, "घाबरायचं कारण नाही. सरासरी बेचाळीसच आहे."

ती म्हणाली, "आजोबा, मला सरासरी उकडत नाहीये. मला पूर्ण उकडतंय!"

दहावीला गणितात किती पडतील, याची मला त्या क्षणी काळजी वाटली. नंतर वाटलं, तिचंच बरोबर असेल. फळा मात्र मी पुसला नाही.

*

ट्रेलर अडीच मिनिटांचा होता. तो घरात रोज चाळीसदा लागायचा. त्यात शेवटी एक धरण फुटतं. भिंतीला भगदाड पडतं, आणि हा निळू त्या भगदाडाला पाठ लावून उभा राहतो. पाणी थांबतं! मागं बँड वाजतो.

मी बरेच दिवस गप्प बसलो. मग एकदा राहवेना. म्हणालो, "हे बघा, पाण्याचा दाब खोलीवर असतो. एवढ्या खोल धरणाच्या भगदाडात माणूस उभा केला, तर त्याचं काय होईल हे सांगण्यासारखंही नाही. अंगानं पाणी अडवता येत नाही. चौतीस वर्षं मी हे शिकवलंय."

कोणी वळूनही बघितलं नाही. सुमन टीव्हीकडंच बघत म्हणाली, "पाठीला लागत असंल हो त्याच्या."

दुसऱ्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ट्रेलरमध्ये तो बारा टनांची बस तीनशे मीटर उंच उचलतो. एवढं काम करायला शरीराला किती अन्न लागेल? मी हिशेब केला, दोनदा तपासला. माणसाच्या स्नायूंची क्षमता धरली. एका ज्वारीच्या भाकरीचं बळ धरलं. उत्तर आलं, एकशे अडुसष्ट भाकरी.

मी कागद सुमनसमोर ठेवला. म्हणालो, "एक बस उचलायला एकशे अडुसष्ट भाकरी! आता तूच सांग, हा माणूस खातो कधी आणि उडतो कधी?"

तिनं चष्मा लावून कागद नीट वाचला. मग म्हणाली, "गावाकडं सणसरच्या शेतात विहीर खणताना मी आणि जाऊबाईंनी रोज दोनशे थापल्यात. येऊ दे की त्याला!"

*

आता खरी अडचण सांगतो. सातव्या भागाच्या वेळी एक प्रकार घडला होता.

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आमच्याकडं बायका जमल्या होत्या. वाटीत आंब्याची डाळ, पेल्यात पन्हं. आम्ही रविवारच्या खेळाची तिकिटं काढली होती. शेजारच्या वहिनी शुक्रवारीच पुण्याला जाऊन सिनेमा बघून आल्या होत्या. त्या डाळीचा घास तोंडात असतानाच म्हणाल्या, "निळूचा गुरू मरतो हो शेवटी! मी तर रुमाल ओला केला!"

सुमनचा चेहरा लग्नापासून मी कधी बघितला नव्हता असा झाला.

थोड्या वेळानं वहिनींनी विचारलं, "पन्हं आहे का अजून?"

सुमन म्हणाली, "संपलं."

पन्ह्याचं भरलेलं पातेलं माझ्या कोपराशीच होतं. मी ते दाखवणार होतो. पण सुमननं माझ्याकडं पाहिलं आणि मी त्यावर झाकण ठेवलं.

त्याच संध्याकाळी तिनं घरात जाहीर केलं, "शेवटचा भाग मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला बघणार. निळू वाचतो का जातो, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. कुणाच्या तोंडून नाही!" हे म्हणताना तिचा आवाज कापला. एका घट्ट कपड्यातल्या परदेशी माणसासाठी! माझ्या बायपासच्या वेळी ती कशी होती, हे मी विचारणार होतो. पण उत्तराची खात्री नव्हती.

*

एप्रिलच्या शेवटी कुरडयांचा घाट. सिनेमाच्या आधी वाळवण उरकायचंच, असा सुमनचा हुकूम. पहाटे गच्चीवर चीक घाटला गेला, आठपर्यंत कुरडया घातल्या गेल्या, आणि नवाला राखणदार म्हणून माझी नेमणूक झाली. घरात मृदाशास्त्राचा डॉक्टर एकच असल्यामुळं कावळे हाकायला दुसरा कोण जाणार?

मी काळजी घेणारा माणूस आहे. डोक्यावर टोपी, खिशात ओआरएसची दोन पाकिटं, खांद्यावर ओला टॉवेल. टॉवेल घसरू नये म्हणून गळ्याशी गाठ मारली. हातात काठी. खुर्ची टाकून बसलो.

कावळे हुशार. ते माझ्या काठीच्या टप्प्याबाहेर बसायचे आणि मी उठलो की दुसऱ्या टोकाला जायचे. तासाभरानं मी खुर्चीवर उभा राहून, हात पसरून ओरडत होतो. नेमका वारा आला आणि टॉवेल मागं फडफडला.

जिन्यात मोबाईलचा आवाज झाला. दहा मिनिटांत फोटो फॅमिली ग्रुपवर. खाली आर्यानं लिहिलं होतं, 'निळू, रिटायरमेंटनंतर.'

सर्वांनी हसणारे चेहरे पाठवले. माझे थोरले भाऊ सणसरला असतात, त्यांना आम्ही आबा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना चेहरे पाठवता येत नाहीत. त्यांनी आवाज पाठवला, "ह्यो उडला तर मला सांगा रं. मी बघाया येतो."

*

तिकिटं काढायची वेळ आली. बारामतीतच, शुक्रवारी सकाळी साडेनऊचा खेळ. महेश मोबाईल घेऊन बसला आणि मोजू लागला. "आई, आर्या, प्रणाली, मी. सणसरहून आबा, संपत आणि वहिनी. सात. आणि नाना, आठ."

संपत हा आबांचा मुलगा, शेती तोच बघतो; वहिनी म्हणजे त्याची बायको. प्रणाली आमची सून.

सुमन भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "यांचं नको."

मी पेपर वाचत होतो. पेपर वाचतच राहिलो. महेशनं माझ्याकडं बघितलं असावं, पण मी पान उलटलं. ते जाहिरातींचं पान होतं.

खरं तर तिचं चुकलं नाही. लग्नानंतरचा आमचा पहिला सिनेमा आम्ही इंदापुरात बघितला. सुमनचं माहेर तिकडचं. तिनं सिनेमा निवडला होता आणि नवी हिरवी साडी नेसली होती. शेवटी पाऊस पडतो, नायिका भिजत रडते. थिएटरमध्ये सगळ्या बायका रडत होत्या. सुमनही. मी तिच्या कानाशी जाऊन म्हणालो, "पाऊस फक्त हिच्यावर पडतोय. मागचं झाड बघ, कोरडं आहे."

मला वाटलं, तिला ते निरीक्षण आवडेल.

त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. मधल्या काळात आम्ही पुष्कळ सिनेमे बघितले, म्हणजे तिनं तिच्या बहिणीबरोबर बघितले आणि मी पेपर तपासले. त्या झाडाबद्दल ती कधी काही बोलली नाही. मलाच ते अधूनमधून आठवतं. झाड खरोखरच कोरडं होतं, याची मात्र मला आजही खात्री आहे.

महेशनं सात तिकिटं काढली.

*

आबांना सिनेमाचं काय पडलंय, हे मला कळेना. मी फोन करून विचारलं, "आबा, तुम्हाला निळू माहीत तरी आहे का?"

आबा म्हणाले, "मला काय करायचाय निळू? संपत म्हनला, तितं एसी हाय. तीन तास गारव्यात बसायचं. पडद्यावर कुनी का उडंना! मी घोंगडं घिऊन जानार."

"घोंगडं कशाला?"

"थंडी वाजल्याव?"

मला हसू आलं. मग वाटलं, थिएटरात घोंगडं नेऊ देतील का? अर्धा तास मी त्याच काळजीत होतो.

*

बुधवारी दुपारी संपतचा फोन आला. स्पीकरवर होता. "नाना, घोळ झालाय. कॅनॉलचं पानी सुटलंय. आपली पाळी शुक्रवारी, आठ ते दोन."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या वरच्या तुकड्याला ठिबक आहे. खालच्या दीड एकराला अजून कॅनॉलचंच पाणी. उन्हाळ्यात ते ठरल्या दिवशी, ठरल्या तासाला आपल्या पाटात येतं. त्या वेळात आपण तिथं उभं राहायचं आणि एकेका सरीत पाणी सोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. आपण नसलो, तर पाणी पुढच्याच्या शेतात जातं. मग पुढची पाळी तीन-चार आठवड्यांनी. मेमधला ऊस तोवर वाट बघत नाही. आणि पाळीपुढं कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण चालत नाही, तिथं निळूचं काय चालणार?

"गडी कुठं गेला?" महेशनं विचारलं.

"त्याच्या मेव्हन्याचं लगीन हाय शुक्रवारी. आन् बाकीच्यांच्या शेतात बी पानी हाय. मी ऱ्हातो मागं. तुमी जावा."

"आणि आबांना कोण आणणार? जीप तूच चालवतोस," प्रणाली म्हणाली.

मग चर्चा सुरू झाली. आमच्या घरात चर्चा म्हणजे पाच जणांनी एकाच वेळी बोलायचं. महेश म्हणाला, तिकिटं रविवारची घेऊ. आर्या म्हणाली, रविवारपर्यंत शेवट सगळ्या बारामतीला कळलेला असेल, आणि शेजारच्या काकू तर शुक्रवारीच दारात येतील. संपत म्हणाला, आबा राहतील. पलीकडून आबा ओरडले, "मी न्हाय ऱ्हानार! मी घोंगडं काढलंय!"

भाजी निवडत बसलेली सुमन उठली, हात पुसले आणि म्हणाली, "जाऊ दे. उसाचं बघा आधी. सिनेमा काय, कधीही बघता येतो." आणि आत गेली.

भाजीची परात तशीच राहिली. सुमन भाजी अर्धवट टाकत नाही.

मी म्हणालो, "मी धरतो दारं."

कुलरचासुद्धा आवाज कमी झाल्यासारखं वाटलं. मग फोनमधून हसण्याचा आवाज आला. तो थांबेचना. शेवटी दम खात आबा म्हणाले, "तू? अरं डॉक्टर, तू पान्यावर येवढं जाड पुस्तक लिवलंस. पान्यात पाय कवा घातलास?"

मी म्हणालो, "सिद्धांत मला माहीत आहे."

आबा म्हणाले, "पान्याला न्हाय ना म्हाईत!"

आतून सुमन आली. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, काही बरं बोलेल. म्हणाली, "टोपी घाला. आणि ओआरएस दोन नको, चार न्या."

*

आता शुक्रवार.

गुरुवारीच मी सणसरला जाऊन राहिलो. सकाळी आठला पाटात पाणी आलं. संपतनं मला दहा मिनिटांत सगळं शिकवलं. "नाना, एका येळी सा सऱ्या. टोकाला पानी पोचलं की ही दारं माती वढून बंद करायची आन् म्होरल्या सा सऱ्यांची फोडायची. हे खोरं. बास!" चौतीस वर्षांत मी एकही तास इतक्या लवकर संपवला नव्हता.

मग तो, त्याची बायको आणि घोंगडं घेतलेले आबा जीपमध्ये बसून गेले.

मी तयारीत होतो. गमबूट, टोपी, गळ्याशी गाठ मारलेला ओला टॉवेल, स्टॉपवॉच आणि वही. बांधावरच्या बाभळीखाली बसलो. माझ्या प्रबंधातल्या सूत्रानुसार, या मातीत, या उताराला, पाणी सरीच्या टोकाला अडतीस मिनिटांत पोचायला हवं होतं.

अडतीस मिनिटं झाली. टोकाला गेलो. कोरडं!

पन्नास मिनिटं झाली. कोरडं!

मी सूत्र पुन्हा मांडलं. मातीचा एक गुणांक कमी धरला असेल, म्हणून बदलून बघितला. मग उतार बदलून बघितला. तासाभरानं वहीची सहा पानं भरली होती आणि टोकाची माती तशीच भेगाळलेली होती. मला घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता. आपला प्रबंधच चुकीचा होता की काय? चारशे पानं! त्यावर नोकरी लागली, त्यावर बढती मिळाली, किती मुलांना मी ते सूत्र पाठ करायला लावलं! माझे परीक्षक हयात असते, तर मी तिथूनच फोन करून त्यांची माफी मागितली असती.

आणखी दीड तासानंतर मला एक गोष्ट सुचली, जी बैलालासुद्धा आधी सुचली असती. मी वही ठेवली आणि सरीकडं बघायला गेलो.

सरीच्या मध्यावर, बांधाच्या बुडाशी, उंदराचं बीळ होतं. आता ते बीळ राहिलं नव्हतं, मांडीएवढं भगदाड झालं होतं. मधले वरंबे फुटून सहाही सऱ्यांचं पाणी त्यातून शेजारच्या तात्यांच्या उसात चाललं होतं.

तात्या पलीकडं लिंबाखाली तंबाखू मळत बसले होते. त्यांची पाळी आमच्यानंतर, दोनला.

मी ओरडलो, "तात्या, तुमच्याकडं पाणी येतंय!"

"येतंय की. मगाधरनं येतंय."

"मग सांगायचं नाही का?"

तात्या शांतपणे म्हणाले, "मला वाटलं, डॉक्टर मुद्दाम धाडत्यात. तुमी शिकल्याली मान्सं, काय तरी इचार असंल."

मी खोऱ्यानं माती ओढली. वाहून गेली. ढेकळं टाकली. विरघळली. गवताचा पेंढा कोंबला, तो तात्यांच्या शेतात निघाला आणि तात्यांनी तो उचलून बाजूला नीट ठेवला. मग वही कोंबली. सहाही पानं सूत्रांसकट गेली. भगदाड मोठं होत चाललं होतं, घड्याळात साडेबारा झाले होते, आणि अडीच-तीन सऱ्यांच्या पलीकडं ऊस माना टाकून उभा होता.

पाण्याचा दाब खोलीवर असतो, हे मी पूर्वी सांगितलंच आहे. इथं पाणी वीतभरच होतं. मी पुन्हा एकदा मनात हिशेब केला, आणि भगदाडाला पाठ लावून सरीत बसलो.

पाणी थांबलं.

थांबलं, वळलं आणि सरीनं टोकाकडं निघालं! मला ते सांगायला कुणी नव्हतं. तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बसा मग तसंच."

उठण्याची सोय नव्हती. उठलो की पाणी पलीकडं. मोबाईल खिशात होता आणि खिसा पाण्यात. डोक्यावर ऊन, कमरेपर्यंत चिखल, टोपी मघाच कुठंतरी गेलेली. ओआरएसची चारही पाकिटं बाभळीखाली. हाताला धरायला काही नव्हतं म्हणून दोन्ही हात बांधावर पसरले होते. पाठीला काहीतरी टोचत होतं. ते उंदराचं कुटुंब नसावं, एवढीच माझी इच्छा होती.

एकच्या सुमाराला जीप आणि महेशची गाडी बांधाशी लागली. सगळे थेट थिएटरातून आले होते. पुढं सुमन. तिचे डोळे लाल होते, नाक लाल होतं, हातात ओला रुमाल होता. त्यावरून निळूचं काय झालं असावं हे सांगता येत नव्हतं. ती आनंदातही तशीच रडते.

ती बांधावर आली आणि थांबली. मागून सगळे आले आणि थांबले. मी खाली, हात पसरून, चिखलात. टॉवेल मागं बांधावर पसरलेला. आर्यानं मोबाईल काढला आणि, का कोण जाणे, परत पर्समध्ये ठेवला.

घोंगड्यातून घामाघूम झालेले आबा पुढं आले. "अरं डॉक्टर, ऊठ! बसून कुनी पानी अडवतं व्हय?"

सुमन म्हणाली, "अडवतात, आबा. आत्ताच बघून आलो की आपण."

संपत खोरं घेऊन धावला. मी मात्र उठलो नाही. मी सुमनला विचारलं, "वाचला का तुझा निळू?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. आर्यानं तोंडावर हात ठेवला. आबा काहीतरी बोलणार होते, प्रणालीनं त्यांचं घोंगडं ओढलं.

सुमननं पदर खोचला, चपला बांधावर काढल्या आणि सरीत उतरली. माझ्या खांद्यावरचा टॉवेल सोडवून तिनं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच. मग महेशकडं वळून म्हणाली,

"रविवारची दोन काढ. माझं आणि यांचं."

आणि मला म्हणाली, "शेवटी पाऊस आहे. मागच्या झाडाकडं बघायचं नाही."